बाहेरचा लाकडाचा बॉयलर घरातल्या फर्नेसला जोडायचाय – कोणी केलंय का?

ओंडका – ६ सप्टेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

घरात तेलावर चालणारी गरम हवेची फर्नेस आहे, तळघरात. डक्ट सगळ्या खोल्यांत गेलेत, वरच्या प्लेनममध्ये (फर्नेसची हवा जिथे जमते त्या पेटीत) एसीची कॉइल आहे. घरामागे झाडी आहे आणि दरवर्षी पडलेलं लाकूड डोळ्यांदेखत कुजतं. म्हणून शेवटी बाहेर ठेवायचा लाकडाचा बॉयलर घेतला. वापरलेला आहे, पण टाकी शाबूत आहे. सुमारे ७०० लिटर पाणी मावतं, वर व्हेंटची उघडी नळी आहे, ठरवलेल्या तापमानाला पंखा आपोआप चालू-बंद होतो. घरापासून ३० मीटरवर ठेवणार, कारण धूर खिडकीशी आला तर माझा मुक्कामही बॉयलरशेजारीच, असं घरातून स्पष्ट सांगण्यात आलंय.

आता हे पाणी फर्नेसला जोडायचं कसं? कॉइल नक्की कुठे बसवायची, लाकूड जळत असताना तेलाचा बर्नर गप्प कसा ठेवायचा, आणि सरपण संपलं तर तो आपणहून पेटेल का? पाइप स्वतः गुंडाळून पुरला तर चालेल का? जाता जाता आंघोळीचं पाणीही तापवता आलं तर सोन्याहून पिवळं.

बंबवाला – ६ सप्टेंबर, रात्री १०:३०

अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही एकदमच घ्या. माझा हा अकरावा हिवाळा.

मूळ कल्पना सोपी आहे. हा म्हणजे अंगणात ठेवलेला भला मोठा बंबच. मधे जाळ, भोवती पाणी. ते गरम पाणी पंपाने घरात आणायचं, त्याची उष्णता हवेला द्यायची, निवालेलं पाणी परत पाठवायचं. फर्नेसचं काही काढायचं नाही, काही कापायचं नाही. तिचा पंखा तेवढा आपण उसना घेतो.

हवेला उष्णता देणारी कॉइल मोटारीच्या रेडिएटरसारखी दिसते: तांब्याच्या नळ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. ती फर्नेसमधून हवा बाहेर पडते त्या बाजूला, म्हणजे सप्लाय प्लेनममध्ये बसवायची. रिटर्नमध्ये, म्हणजे घरातली गार हवा परत येते त्या बाजूला नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्या वर्षी माझ्याकडे रिटर्नच्या डक्टला ऐसपैस जागा होती, वर फार कापाकापी करावी लागली असती, म्हणून आळस केला. ब्लोअरची, म्हणजे फर्नेसच्या पंख्याची मोटर तिच्यावरून जाणाऱ्या गार हवेवर थंड राहते, हे डोक्यातच आलं नाही. तिला हवा मिळायला लागली कॉइलवरून तापून आलेली. ऐन थंडीत एका रात्री आधी गरम वार्निशसारखा वास आला, मग पंखा घरघरला, मग शांत झाला. ती शांतता अजून आठवते.

तुमच्याकडे एसीची कॉइल आहे, तर हवेच्या वाटेवर आधी एसीची आणि मग ही, असा क्रम ठेवा. एसीच्या कॉइलमधल्या गॅसवर गरम हवेचा मारा नको. उन्हाळ्यात पाण्याची झडप आठवणीने बंद करायची, नाहीतर एक कॉइल गार करणार आणि दुसरी त्याच हवेला गरम करणार.

ओंडका – ६ सप्टेंबर, रात्री १०:५१

धन्यवाद! रिटर्नलाच बसवायच्या विचारात होतो. वाचलो.

रेडिएटरवाली – ७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

धाग्यात घुसखोरी करतेय. आमच्याकडे गरम हवा नाही, रेडिएटर आहेत, म्हणजे घरातही पाण्याचाच बॉयलर. पाणी-पाणी सारखंच, तर बाहेरच्या बॉयलरचा पाइप सरळ घरच्या पाइपाला जोडला तर?

पानाडी – ७ सप्टेंबर, सकाळी ८:०२

ताई, थांबा. सरळ अजिबात जोडू नका.

तुमच्या घरातली यंत्रणा बंद असते आणि दाबाखाली चालते, साधारण १ ते १.५ बार. बाहेरचा बॉयलर उघडा, त्याला दाबच नाही. दोन्ही जोडलेत तर घरातलं पाणी बाहेरच्या व्हेंटमधून कारंज्यासारखं उडेल. आणि उघड्या टाकीत विरघळणारा ऑक्सिजन तुमच्या घरातल्या लोखंडी भागांना गंज चढवेल तो वेगळाच.

मधे प्लेट हीट एक्स्चेंजर घाला. स्टेनलेस स्टीलच्या पन्हाळीदार पत्र्यांची चळत असते, दिसायला वहीएवढी. एका आड एक पत्र्यातून एकीकडचं आणि दुसरीकडचं पाणी जातं, उष्णता पलीकडे जाते, पाणी मिसळत नाही. जोडताना दोन्ही प्रवाह उलट दिशांनी वाहिले पाहिजेत. एका दिशेने जोडलंत तर तोच एक्स्चेंजर निम्माशिम्मा वाटायला लागतो आणि लोक दुकानदाराला शिव्या देतात. बाहेरच्या बाजूला त्याच्या आधी वाय-स्ट्रेनर, म्हणजे गाळ अडवणारी जाळी, हवाच. पत्र्यांमधली फट इतकी बारीक असते की टाकीतला गंजाचा गाळ सहज तुंबतो.

आणि ओंडकासाहेब, हे तुम्हालाही: ती वरची व्हेंटची नळी कधीही, कशासाठीही बंद करू नका. पाणी उडून कमी होतं म्हणून वर बूच मारणारे महाभाग मी पाहिलेत. वीज गेली, पंप थांबला, आत ओंडके धगधगतायत, तर पाणी उकळणारच. उघड्या टाकीत फार तर वाफ जाईल, पाणी कमी होईल. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. नळी बंद असेल तर ती जागा टाकी फाडून घेते.

वायरमन – ७ सप्टेंबर, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

बर्नर गप्प ठेवायला सगळ्यात सरळ उपाय म्हणजे दोन थर्मोस्टॅट. जुना आहे तो तेलाचा, त्याला हात लावू नका. फक्त १८ अंशांवर ठेवा. नवा लावा लाकडाचा, तो २१ वर. दोघं शेजारी शेजारी एकाच भिंतीवर, बाहेरच्या भिंतीवर नाही, आणि गरम हवेच्या झोतात तर नाहीच. लाकूड जळतंय तोवर घर २१ च्या आसपास राहील, १८ वाल्याला जाग यायचं कारणच नाही. तुम्ही गावाला गेलात, जाळ विझला, घर १८ वर आलं की बर्नर आपणहून पेटेल. तुम्हाला हवंय ते हेच.

नवा थर्मोस्टॅट काय करतो? फर्नेसच्या बोर्डावर आर, डब्ल्यू, जी, वाय, सी असे स्क्रू असतात. डब्ल्यूला करंट दिला की बर्नर, जीला दिला की नुसता पंखा. आपल्याला जी हवाय. पण थर्मोस्टॅटची वायर तशीच उचलून जीला बांधू नका. मधे रिले घाला, म्हणजे एका सर्किटच्या करंटने दुसरं सर्किट जोडणारी कळ. पाण्याच्या झडपेसाठी वेगळा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचा करंट फर्नेसच्या ट्रान्सफॉर्मरला भेटता कामा नये. रिलेचे कोरडे संपर्क आर आणि जी एवढेच जोडतात, बाकी दोन्ही घरं वेगळी. हे न केल्याने बोर्ड उडालेला मी बदलून दिलाय, आणि मालक मलाच म्हणत होते की बोर्डच खराब होता.

दुसरी गोष्ट लोक विसरतात: कॉइलकडे येणाऱ्या पाइपवर पट्ट्याने बांधायचा अ‍ॅक्वास्टॅट, म्हणजे पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच. पाणी ५५ अंशांच्या वर असेल तरच जीचं सर्किट पुरं होऊ द्यायचं. नाहीतर पहाटे जाळ विझलेला असतो, पाणी कोमट, थर्मोस्टॅट पंखा मागतोय आणि पंखा घरभर गार वारा घालतोय.

जुन्या फर्नेसला पंखा नि लिमिट (फर्नेस फार तापली की बर्नर बंद करणारा) मिळून एकच यांत्रिक स्विच असतो. तशी असेल तर बोर्डाचा फोटो टाका, वेगळं जोडावं लागेल. आणि फर्नेसच्या लिमिट स्विचला बगल देऊ नका, कोणी कितीही हुशारीने सांगितलं तरी. बर्नरच्या बाजूचं काम त्या कामाचा परवाना असलेल्या माणसाकडूनच.

बंबवाला – ७ सप्टेंबर, दुपारी ३:४५

वायरमनदादांशी शंभर टक्के सहमत. एक भर घालतो. बाहेरचा पंप आपण चोवीस तास चालू ठेवतो, गोठू नये म्हणून. म्हणजे पंखा बंद असला तरी कॉइलमधून गरम पाणी फिरतच राहतं आणि प्लेनममधली हवा तापून आपोआप वर चढते. कडक थंडीत कोणाला कळत नाही. शरद-वसंतात मात्र थर्मोस्टॅट बंद असतानाही घर २४-२५ अंशांवर जातं आणि लोक थंडीच्या दिवसांत खिडक्या उघडून बसतात. त्यासाठी कॉइलच्या आधी तीन तोंडांची झडप लावा: मागणी असली की पाणी कॉइलमधून, नसली की बगलेतून परत. पंप चालूच.

खड्डेबाज – ८ सप्टेंबर, रात्री ८:१०

पाइपबद्दल अजून कोणी बोललं नाही? मग मी बोलतो, जरा लांबण लागेल.

सगळे कॉइल नि थर्मोस्टॅटवर डोकं लावतात. ते वरवरचं काम, चुकलं तर एका रविवारी दुरुस्त होतं. जमिनीखालचा पाइप चुकला की पुढची दहा वर्षं तुम्ही आळशी माणसासारखे रोज दुप्पट लाकूड फोडणार, कारण पुन्हा खणायचा कंटाळा.

आमच्याकडे काय झालं सांगतो. मोठ्या भावाने स्वतःच पाइप बनवला. दोन पेक्सच्या (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) नळ्या, भोवती चंदेरी फुगेदार कागद, आणि ते सगळं निचऱ्याच्या पन्हाळी पाइपात सरकवलं. दिसायला झकास. पहिला बर्फ पडला, सकाळी खिडकीतून बघतो तर सगळं अंगण पांढरंशुभ्र, आणि बॉयलरपासून घरापर्यंत हिरव्या गवताची सरळ पट्टी. दोन फूट रुंद. शेजारचं मांजर त्या पट्टीवर ताणून झोपलं होतं. भाऊ म्हणाला, "बघ, पाणी गरम येतंय." मी म्हटलं, पाणी गरम येत नाहीये, गरम जातंय.

मग मोजलं. बॉयलरवर ८२ अंश, तळघरात पोचताना ७६. सहाच अंश, असं वाटतं. पण मिनिटाला ३० लिटर पाणी वाहत असताना सहा अंश म्हणजे साडेबारा किलोवॅट, आणि तेही फक्त जाताना. तेवढ्यात एखादं छोटं घर उबदार राहील. वसंतात उकरलं तेव्हा कारण कळलं: पन्हाळी पाइपात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी साचलेलं. जमिनीतलं पाणी सांध्यातून आत आलं होतं आणि नळ्या त्या पाण्यात लोळत होत्या.

तेव्हा ओंडकासाहेब, फॅक्टरीत बनलेला, बंद पेशींच्या फोममध्ये दोन्ही नळ्या एकमेकींपासून वेगळ्या बसवलेला, बाहेरून अखंड कवच असलेला पाइपच घ्या. दोन नळ्या चिकटून असतील तर जाणारी गरम नळी येणाऱ्या गार नळीलाच तापवत बसते. टोकांना रबरी टोप्या घट्ट बसवा, पाणी शिरतं ते तिथून. पेक्स ऑक्सिजन रोखणाऱ्या थराचा हवा. जमिनीखाली एकही सांधा नको, ३० मीटर म्हणजे अखंड ३० मीटर. चर दंव जिथवर उतरतं त्याच्या खाली. बुजवण्याआधी हवेचा दाब भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा हलला नसेल तरच माती टाका. त्याच चरात वेगळ्या नळीतून विजेची तार, आणि एक रिकामी नळी आत दोरी घालून. ती नळी कशाला, हे तीन वर्षांनी कळेल.

चांगल्या पाइपला ३० मीटरमध्ये एक अंशाच्या आतच घट दिसते.

ओंडका – ८ सप्टेंबर, रात्री ८:४०

हिरवी पट्टी वाचून हसलो आणि मग गप्प झालो. आमच्याकडे तो चंदेरी कागद आणून ठेवलाय, दोन गुंडाळ्या.

खड्डेबाज – ८ सप्टेंबर, रात्री ८:४४

गाडीच्या काचेवर उन्हाळ्यात लावा. मस्त उपयोग आहे.

पानाडी – ९ सप्टेंबर, सकाळी ६:५०

पाइपचा व्यासही बोलून टाकू, कारण तीही पुरल्यावर बदलता न येणारी गोष्ट.

हिशेब असा. मिनिटाला ३० लिटर पाणी कॉइलमध्ये ११ अंश गार होऊन परत गेलं तर २३ किलोवॅट मिळतात, बीटीयूत सांगायचं तर ताशी जवळपास ८० हजार. मध्यम घराला पुष्कळ. आता ३० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर. एक इंची पेक्सची आतली पोकळी एक इंच नसते, त्याहून बरीच कमी असते. त्यातून ३० लिटर ढकलायचे तर नुसत्या घर्षणातच पाच-साडेपाच मीटर हेड (पंपाचा दाब, पाण्याच्या उंचीत मोजलेला) जातं, वर कॉइल, झडपा, कोपरे. सव्वा इंची घेतला तर तेच दोन मीटरच्या आसपास. पाव इंचाने घर्षण तिसऱ्या हिश्श्यावर येतं! एक इंची घेऊन मोठा पंप लावणारे चोवीस तास त्या पंपाचं वीजबिल भरतात. तुमच्या अंतराला सव्वा इंच.

पंप बॉयलरपाशीच, पाण्याच्या पातळीच्या बराच खाली, बाहेर जाणाऱ्या गरम पाइपवर. उघड्या यंत्रणेत पंपाला मागून दाब मिळतो तो फक्त टाकीतल्या पाण्याच्या उंचीचा. पंप घरात नेऊन ओढायला लावलात तर इतक्या गरम पाण्यात आतल्या आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पंखा चावल्यासारखा होतो. पंपाच्या दोन्ही बाजूंना झडपा ठेवा, बदलायची वेळ नेहमी रात्रीच येते. बॉयलरला चिकटून पहिला मीटरभर धातूचाच पाइप ठेवा, पेक्स नको.

घरातला कुठला पाइप बॉयलरच्या पाणीपातळीपेक्षा उंच जाणार असेल तर तिथे आपोआप हवा सोडणारा व्हेंट लावू नका. पंप थांबला की तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि व्हेंट हवा सोडायच्या ऐवजी आत ओढतो. हाताने उघडायचा लावा.

आंघोळीचं पाणी: लहान प्लेट एक्स्चेंजरमधून थंड पाणी आधी तापवून मग तुमच्या गीझरच्या टाकीत सोडा. पण नळाला जाण्याआधी मिश्रण-झडप अत्यावश्यक, ४९-५० अंशांवर बांधलेली. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं, आणि तुमचं बॉयलरचं पाणी ८० आहे. घरात लेकरं किंवा म्हातारी माणसं असतील तर यात काटकसर करायची नाही.

चिकित्सक मावशी – ९ सप्टेंबर, सकाळी ११:३०

सगळे पुरुष मंडळी नळ्या जोडण्यात रंगलेत, म्हणून जरा विरजण घालते. आमच्या मागच्या बाजूला असाच एक बॉयलर आहे. ऑक्टोबर ते एप्रिल कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत. धूर वर जातच नाही, कुंपणावरून सरपटत येतो. मालक म्हणतात बॉयलरच असा. खरंच असाच असतो का?

बंबवाला – ९ सप्टेंबर, दुपारी १२:१५

मावशी, तुमची तक्रार रास्त आहे आणि दोष बहुतेक वेळा बॉयलरपेक्षा मालकाचा असतो.

तीन कारणं. एक तर ओलं लाकूड. तोडलेलं लगेच कोंबतात, त्यात निम्मं वजन पाण्याचं. ती आच पाण्याची वाफ करण्यातच जाते. लाकूड फोडून, छपराखाली पण वारा लागेल असं किमान एक उन्हाळा ठेवायला हवं, ओक-बिक असेल तर दोन. ओलावा २० टक्क्यांच्या आत. मोजायचं यंत्र मिळतं, पण ढलपी ताजी फोडून आतल्या अंगाला टोचायचं, बाहेरून नाही. बाहेरून सगळंच लाकूड वाळलेलं असतं.

दुसरं, गरजेपेक्षा मोठा बॉयलर. पाणी तापलं की पंखा बंद होतो, ओंडके हवेविना तासन्‌तास धुमसत राहतात. धूर तेव्हाचाच. हवा सौम्य असेल तेव्हा भट्टी गच्च भरायची नाही, थोडं थोडं घालायचं. नवे दोन टप्प्यांत जाळणारे बॉयलर यात खूपच उजवे, धुरातलाच वायू वेगळ्या कोठीत जाळतात. पण ते ओलं लाकूड बिलकुल खपवून घेत नाहीत.

तिसरं, बुटकं धुराडं. आजूबाजूच्या छपरांपेक्षा खाली असेल तर धूर तुमच्या दोरीवरच येणार. आणि काही लोक त्यात कचरा, प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या जाळतात. त्यांच्याबद्दल इथे लिहिलं तर ॲडमिन मला काढतील.

ओंडका, परवानगी आणि घराच्या विम्याचं बघून घ्या. पुष्कळ ठिकाणी हद्दीपासूनचं अंतर नि धुराड्याची उंची ठरवून दिलेली असते. बॉयलर बसल्यावर विचारण्यापेक्षा आधी बरं.

ओंडका – १४ डिसेंबर, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. झालं एकदाचं! सव्वा इंची फोमचा पाइप घातला (दोन मित्र आणि एक भाड्याचं खोदयंत्र), कॉइल एसीच्या वर, दोन थर्मोस्टॅट, अ‍ॅक्वास्टॅट, रिले, सगळं वायरमनदादांनी सांगितल्याप्रमाणे. बर्नरची बाजू परवानाधारकाकडून तपासून घेतली. बर्फ पडलाय आणि अंगणात पट्टी नाही, रोज सकाळी बघतो.

पण समाधान होत नाहीये. पहिले आठ दिवस छान गेले, आता जाळीतून येणारी हवा नुसती कोमट. बाहेर उणे १२ असलं की घर १९ च्या वर जात नाही, एकदा तर तेलाचा बर्नर पेटला. बॉयलरवर मात्र ८१ दिसतं. मोठी कॉइल घ्यायला हवी होती का?

पानाडी – १४ डिसेंबर, रात्री १०:२०

घाई नको. कॉइलच्या आधीच्या आणि नंतरच्या पाइपाचं तापमान सांगा. तांब्यावर काळी चिकटपट्टी लावून मग इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा, चकचकीत तांब्यावर ते यंत्र खोटं बोलतं.

ओंडका – १४ डिसेंबर, रात्री १०:४१

आधी ८०. नंतर ५६.

पानाडी – १४ डिसेंबर, रात्री १०:४९

मग कॉइल निर्दोष आहे. बिचारी मिळेल त्या पाण्यातून शेवटचा थेंब पिळतेय. अकरा-बारा अंश उतरायला हवेत तिथे २४ उतरतायत, म्हणजे पाणी फार हळू येतंय. उलट असतं, आधी ८० आणि नंतर ७७, तर मी म्हटलं असतं हवा कमी आहे किंवा कॉइल लहान आहे. पाणी कुठेतरी अडतंय. स्ट्रेनर कधी उघडलात?

ओंडका – १४ डिसेंबर, रात्री १०:५२

उघडायचा असतो??

बंबवाला – १४ डिसेंबर, रात्री १०:५५

😀

ओंडका – १५ डिसेंबर, सकाळी ९:३०

उघडला. दोन्हीकडच्या झडपा बंद करून टोपण फिरवलं तर आधी काळं पाणी आलं, मग जाळी हातात आली. जाळी दिसतच नव्हती. पांढऱ्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या, पाइप कापतानाची प्लास्टिकची कुरळी कात्रणं, गंजाचा चिखल, आणि वेल्डिंगचे मोहरीएवढे काळे मणी. बादलीत धुतली, परत बसवली. हाताने व्हेंट उघडून हवा काढली, अर्धा मिनिट फुसफुस चालू होती.

आता आधी ८०, नंतर ६८. खोलीतल्या हवेच्या जाळीपाशी हात धरवत नाही. घर २१ वर आहे आणि पंखा थांबून थांबून चालतोय.

पानाडी – १५ डिसेंबर, सकाळी ९:४८

पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडा, मग महिन्याने. नव्या यंत्रणेची घाण एकदम येत नाही, हप्त्याहप्त्याने येते.

आणखी एक तपासा. इतके दिवस ५६ अंशांचं पाणी परत जात होतं. परतीचं पाणी ६० च्या खाली राहिलं की भट्टीच्या आतल्या भिंतीवर धुरातली वाफ निवते, त्यातून क्रिओसोट नि आम्लाचं पाणी होतं आणि लोखंड खातं. दार उघडून खालच्या कोपऱ्यात बघा, काळं चकाकणारं डांबर दिसतंय का. असेल तर चांगल्या सुक्या लाकडाची एक-दोन दिवस जोरदार आच द्या आणि खरवडून काढा. पुढे घराबरोबर गॅरेजही तापवायचं मनात असेल तर परतीच्या वाटेवर तापमान राखणारी झडप घाला.

दार उघडताना आधी बोटभर फटीवर थांबा, पंखा बंद झाल्याची खात्री करा, तोंड बाजूला. एकदम उघडलंत तर आत साचलेला वायू हवा मिळताच भपकन पेटतो. माझ्या डाव्या भुवईची कथा नंतर कधीतरी.

ओंडका – १५ डिसेंबर, सकाळी १०:१०

डांबर आहे, डाव्या कोपऱ्यात, हाताएवढं. आजच आच वाढवतो. टाकीत गंजरोधक रसायन घातलंय, पण चाचणी केली नाही. करायची असते का?

बंबवाला – १५ डिसेंबर, सकाळी १०:२५

वर्षातून एकदा नक्की, आणि पाणी भरल्यापासून महिन्याभरात पहिली. तळाच्या नळातून बाटलीभर पाणी काढायचं, आधी थोडं वाहू द्यायचं. रसायन बनवणारे बहुतेक जण पट्ट्या देतात किंवा नमुना तपासून देतात. उघड्या टाकीत नवा ऑक्सिजन रोज शिरतो, त्यामुळे रसायन खर्ची पडतंच. पाणी कमी झालं म्हणून नुसतं नळाचं भरत राहिलात तर ते आणखी पातळ होतं. अशा टाक्या बाहेरून गंजून मरत नाहीत, पाण्याच्या बाजूने मरतात.

आणि महिन्यातून एकदा तेलाचा बर्नर मुद्दाम पाच-दहा मिनिटं चालवून बघा. गरज पडेल त्या रात्री तो रुसलेला नको.

वायरमन – १५ डिसेंबर, दुपारी १:१०

बर्नर चालवून बघाल तेव्हा एक लक्ष ठेवा: तो लिमिटवर ट्रिप होतोय का. एसीची कॉइल, त्यावर ही कॉइल, खाली फिल्टर, हवेला तिन्हीतून वाट काढावी लागते. फिल्टर मळला की हवा इतकी कमी होते की बर्नर तापून बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. तसं दिसलं तर आधी फिल्टर, मग कॉइलच्या पट्ट्यांवरची धूळ, आणि तरीही नाही तर पंख्याचा वेग. पंप आणि बॉयलरच्या पंख्यासाठी इन्व्हर्टर लावलात का? १०० वॅटच्या आसपासचा पंप, छोटी बॅटरीही काही तास ढकलेल.

ओंडका – १५ डिसेंबर, दुपारी २:००

इन्व्हर्टर नाही अजून. चरात दोरी घातलेली रिकामी नळी आहे ना, तीतून तार ओढतो या शनिवारी. खड्डेबाजदादा, तीन वर्षं कशाला, तीन महिन्यांतच कळलं.

खड्डेबाज – १५ डिसेंबर, दुपारी २:०३

ओढताना तारेबरोबर दुसरी दोरीही बांधा. नाहीतर पुढच्या वेळी नळी असेल आणि दोरी नसेल.

रेडिएटरवाली – १५ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

आमचा प्लेट एक्स्चेंजर आलाय. चार तोंडं आहेत आणि खुणा कुठेच नाहीत. फोटो टाकतेय, कोणती कशाला ते सांगा.